व्हाळाला वाली कोण?

देशावरच्या वाचकाला ओढा म्हटले की पावसाळ्यात चार दिवस गर्जणारा आणि दसऱ्यानंतर वाळूची रेघ मागे ठेवून पसार होणारा एक उनाड पोर डोळ्यांपुढे येतो. गोव्यातला व्हाळ त्या जातीचा नव्हे. तो वैशाखातही वाहतो. डोंगराच्या कुशीत, फणसा-जांभळाच्या सावलीत, एखाद्या जांभ्याच्या कपारीतून करंगळीएवढी धार निघते; वाटेत तिला अशाच दोनचार बहिणी भेटतात; आणि गावाच्या वेशीपाशी येईतो त्यांचा व्हाळ झालेला असतो. त्या व्हाळावर पोफळी-माडांचे कुळागर, कुळागराखाली भाताचे मळे, मळ्यांखाली खाजन आणि खाजनाच्या बांधापलीकडे खाडी, अशी गावाची पायरीपायरीने मांडणी झालेली आहे. वरच्या पायरीवर जे सांडेल ते खालपर्यंत ओघळणार, हे ओघानेच आले.

आता या जिन्याच्या अगदी माथ्यावर, जिथे ती करंगळीएवढी धार जन्म घेते बरोबर तिथेच, निसर्गाने लोखंड ठेवले आहे. डिचोली तालुक्यातील अडवलपालपासून सत्तरी, सांगे, केपे असा वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा हा खनिजाचा पट्टा. अवघा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. तेव्हा हा पट्टा म्हणजे त्याच्या अंगावरचा एखादा तीळ नव्हे, पाठीचा कणाच म्हणायचा. पोर्तुगीज अमदानीत खाणींच्या सनदा दिल्या गेल्या त्या यावच्चंद्रदिवाकरौ. पुढे १९५० नंतरच्या दशकात युद्धाने पोळलेल्या जपानने पोलादाच्या भट्ट्या पुन्हा पेटवल्या, आणि गोव्याच्या डोंगरांना गिऱ्हाईक मिळाले. डोंगरावरून ट्रक, ट्रकांतून बार्ज, बार्जीतून मांडवी-जुवारीच्या पात्रातून मुरगाव बंदर, असा लाल मातीचा प्रवास सुरू झाला तो पन्नाससाठ वर्षे वाढतच गेला. एकविसाव्या शतकात चीनने हलक्या प्रतीचा मालही उचलायला आरंभ केला, तेव्हा तर हद्द झाली. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून सुमारे ५ कोटी ४० लाख टन खनिज बाहेर गेले.

टनांचे हे आकडे सर्वांना पाठ असतात. पण डोंगरातून टन काढताना पाण्याचे काय होते, हे समजून घ्यायचे तर आधी डोंगराच्या पोटात डोकवावे लागेल.

गोव्याच्या डोंगराला वरून जांभ्याची टोपी असते. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी तो स्पंजासारखा पितो. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी एकदम समुद्राला गेले असते तर दिवाळीनंतर गावात घागर भरायला थेंब उरला नसता. ते जात नाही, कारण जांभ्याखालचे थर ते धरून ठेवतात आणि मग काटकसरी गृहिणीप्रमाणे आठ महिने थोडे थोडे बाहेर सोडतात. गंमत अशी (गंमत कसली, दैवदुर्विलासच!) की हे पाणी धरून ठेवणाऱ्या थरांत सर्वांत महत्त्वाचा थर कोणता, तर भुसभुशीत लोहखनिजाचा. भूजलाचे अभ्यासक हेच सांगतात. जे विकायचे आहे तेच गावाचे पाण्याचे मडके आहे. पाणी बाजूला ठेवून लोखंड काढतो, असे म्हणण्याची सोयच इथे नाही.

ही खाण म्हणजे भुयार नव्हे. उघडी खाण. डोंगराची टोपी काढायची, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायचे, आणि माल हाती लागेपर्यंत जी माती-दगड येईल ती बाजूला टाकायची. एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन अशी टाकाऊ माती निघते. ती टाकायची कुठे? लीजची हद्द लहान, उतार तीव्र. सोयीची जागा एकच, डोंगराच्या दोन सोंडांमधली घळ. आणि घळ म्हणजेच व्हाळाचे घर. अशा रीतीने डंप उभे राहिले. त्यांत मिळून सत्तर कोटी टनांहून अधिक माती साठली असल्याचा अंदाज मांडला गेलेला आहे. ज्या व्हाळांचे उगम अशा डंपाखाली गेले, त्यांचे पुनर्वसन होत नाही. माणसाला दुसरीकडे घर बांधून देता येते. झऱ्याला दुसरीकडे उगम देता येत नाही.

जे व्हाळ गाडले गेले नाहीत त्यांची गोष्ट निराळी, पण सुखाची नाही. डंपाच्या पायथ्याशी दगडी बांध घालावा, भोवती चर खणावा, चरातले पाणी तळ्यात थांबवून गाळ बसू द्यावा आणि निवळलेले पाणी मग व्हाळाला सोडावे, अशी योजना कागदावर असते आणि ती चुकीचीही नाही. अडचण आहे ती आपल्या पावसाची. एक मीटर खोल संथ पाण्यात जाड वाळूचा कण दहावीस सेकंदांत तळाला जातो. मातीच्या अगदी बारीक कणाला तेवढ्याच प्रवासाला तीनचार दिवस लागतात. आता आषाढातला एक दिवस धरा. १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका हेक्टरवर १० लाख लिटर पाणी पडते. पन्नास हेक्टरांच्या उघड्या खाणीवर ५ कोटी लिटर. हे पाणी तीनचार दिवस स्वस्थ बसवून ठेवील असे तळे किती मोठे हवे, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. तळे भरते, काठावरून वाहते, आणि गेरूसारखे लाल पाणी व्हाळात उतरते.

पुढे काय होते ते सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या शेतकऱ्यांना विचारावे. भाताच्या मळ्यात हा गाळ बसला आणि सुकला की त्याचा पापुद्रा होतो. खाली हवा जात नाही, रोप पिवळे पडते. एका वर्षाचा गाळ काढावा तर दुसऱ्या वर्षाचा हजर. वायंगणाचे म्हणजे उन्हाळी भाताचे पीक तर व्हाळाच्या पाण्यावरच येते. व्हाळ बिघडला की ते आधी जाते.

शेताचे नुकसान निदान पंचनाम्यात येते. व्हाळाच्या काठाचे नुकसान कोणाच्याच वहीत येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो.

व्हाळाचा काठ म्हणजे नुसती मातीची कड नव्हे. करंज, जांभूळ, वाळुंज यांची मुळे त्या कडेला विणून धरतात. पाण्यातच पाय रोवून उभी राहणारी शेरणी पुरात आडवी होते आणि पूर ओसरला की पुन्हा उभी राहते. वरची झाडे सावली देतात, त्यामुळे चैत्रातही पाणी गार राहते. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. झाडांचा पाचोळा पाण्यात पडतो, तो किड्यांच्या अळ्या खातात, अळ्या मासे खातात, मासे खंड्या आणि पाणमांजर खातात. आपल्या डोक्यावर भिरभिरणारा चतुर आयुष्यातला मोठा काळ पाण्याच्या तळाशी अळी होऊन काढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर खालचे मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारीत वर येतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, आणि त्या रात्री कंदील घेऊन व्हाळावर न गेलेला कोकणी मनुष्य विरळा. हे मासे वर कशासाठी येतात? तर अंडी घालायला. अंड्यांना हवेत स्वच्छ खडे आणि त्यांच्या फटींतून खेळणारे पाणी. त्या फटी लाल गाळाने लिंपल्या की अंडी आतल्या आत गुदमरतात. मासा मेलेला दिसत नाही. तो जन्मतच नाही. म्हणून बोंबही होत नाही.

काठाचे रान किती प्राचीन असू शकते याचा नमुना सत्तरीतच आहे. बांबर येथील निरंकाराची राय ही देवराई पाणथळ जागेवर उभी आहे. तिच्यात जायफळाच्या कुळातली झाडे आहेत आणि त्यांची मुळे चिखलातून गुडघे वर काढावेत तशी वर आलेली दिसतात. मुळांना श्वास घेण्यासाठी केलेली ही व्यवस्था. हे रान टिकले ते देवाच्या धाकाने. सरकारी कागदापेक्षा देवाचा धाक अधिक टिकाऊ, असे निदान त्या बाबतीत तरी म्हणावे लागते.

गाळाइतकाच, किंबहुना त्याहून वाईट प्रकार म्हणजे पंपाचा. खाण खोल गेली की भूजलाची पातळी लागते. खड्ड्यात पाणी येऊ लागते. मग रात्रंदिवस पंप लावून ते उपसायचे आणि जवळच्या व्हाळात सोडायचे. परिणाम पाहण्यासारखा होतो. ऐन उन्हाळ्यात व्हाळ दुथडी भरून वाहतो, आणि पन्नास पावलांवरची विहीर कोरडी ठणठणीत! पाहुणा म्हणतो, केवढे हे पाणी! गावकरी कपाळाला हात लावतो, कारण त्याला ठाऊक असते की हे पाणी त्याच्याच विहिरीचे आहे, पुढच्या वर्षांचेही आहे, आणि ते खाडीकडे चालले आहे. पंप बंद पडला की व्हाळही बंद पडतो. डिचोली तालुक्यातले शिरगाव हे लईराई देवीचे गाव. वैशाखातल्या जत्रेला हजारो धोंड येतात, तळीवर स्नान करतात आणि निखाऱ्यांवरून चालतात. त्या गावाला तिन्ही बाजूंनी खाणींनी वेढले. विहिरी आटल्या, झरे आटले. गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नागपूरच्या नीरी या संस्थेला तिथल्या भूजलाची पाहणी करावी लागली.

आपण म्हणाल, कायदे नाहीत काय? आहेत, उदंड आहेत. पण त्यांची नजर कुठे आहे ते पाहा. धातूंच्या खाणींसाठी १९६१ साली केलेल्या नियमांत नदी-तळ्याच्या काठापासून १५ मीटरांच्या आत परवानगीवाचून काम करू नये, असे कलम घातले गेले. वाचून बरे वाटते. परंतु त्या प्रकरणाचा मथळा पाण्यापासून होणाऱ्या धोक्याविषयी आहे. म्हणजे नदी खाणीत शिरून कामगार बुडू नयेत ही काळजी. काळजी योग्यच; पण खाणीपासून नदीला वाचवावे, हा त्यात विचार नाही.

पर्यावरणाची मंजुरी देताना अभ्यास करावा लागतो. २००६ सालच्या अधिसूचनेनुसार मंजुरीसाठी येणाऱ्या खाणींना जो आराखडा घालून दिला जातो, त्यात पाणी-हवेची मूळची स्थिती एका ऋतूत मोजायची असते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कोणताही! गोव्याच्या व्हाळाचे मरण-जगणे ठरते आषाढात, आणि त्याची नाडी पाहायची मार्गशीर्षात. त्याच आराखड्यात लीजमधून जाणाऱ्या बारमाही वा हंगामी ओढ्यांविषयी विचारले आहे खरे. पण प्रश्न असा, की ओढा वळवण्याचा बेत असल्यास तपशील द्या. वळवू नये असे नव्हे.

नकाशाचेही तेच. १ सेंटिमीटरला ५०० मीटर या प्रमाणाच्या नकाशावर मीटरभर रुंदीचा व्हाळ काढायचा तर रेघ मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी बारीक हवी. साहजिकच अनेक झरे नकाशावर येतच नाहीत. आणि जे नकाशावर नाही ते बुजवले तरी बुजवले असे कोण म्हणणार?

ओढ्याला कायद्याने काठ द्यायचा प्रयत्न कुठे झालाच नाही असे नव्हे. तो अमेरिकेत झाला, आणि त्याची कहाणी आपल्या उपयोगाची आहे. वेस्ट व्हर्जिनिया हा कोळशाच्या डोंगरांचा मुलूख. तिथे २६ फेब्रुवारी १९७२ रोजी बफेलो क्रीक नावाच्या ओढ्यावर खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि १२५ माणसे वाहून गेली. पुढे १९७७ साली उघड्या खाणींसाठी कायदा झाला, आणि त्याखालच्या १९८३ सालच्या नियमाने वाहत्या ओढ्याच्या दोन्ही काठांना १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर, राखीव पट्टा दिला. पण शेवटी एक शेपूट होते: विशेष परवानगी असल्यास चालेल. त्या शेपटाला धरून कंपन्यांनी अख्ख्या दऱ्या भरल्या. १९८५ ते २००१ या काळात ७२४ मैल लांबीचे ओढे मातीखाली गेले, असे तिथल्या सरकारी पाहणीनेच सांगितले. १९९९ साली एका न्यायाधीशाने हा १०० फुटांचा नियमभंग आहे असा निकाल दिला. तो २००१ साली वरच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फिरवला. २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मार्गारेट पामर आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी पुरावे मांडून म्हटले की, गाडलेल्या ओढ्याच्या बदली नवा ओढा तयार करून दिल्याने मूळचा जीव परत येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अधिक कडक नियम आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकार बदलताच तो रद्दही झाला. आपण शिकायचे ते एवढेच, की काठाचा आकडा कायद्यात लिहिणे हे काम निम्मे. अपवादाचे शेपूट कापणे हे उरलेले निम्मे.

गोव्यात खाणी दोनदा थांबल्या. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला, राज्य सरकारने काम थांबवले, आणि गोवा फाउंडेशनच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी खाणी बंद केल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली गेली, अभयारण्यांभोवती एक किलोमीटरची बंदी आली, आणि खनिजाच्या विक्रीतला दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकण्याचा आदेश झाला. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले आणि खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. हे निकाल मोठे आहेत यात शंका नाही. पण बारकाईने पाहिले तर लीज वैध की अवैध, माल किती काढला, पैसा कोणाचा, हाच वादाचा गाभा. अभयारण्यातल्या वाघाला किलोमीटरभर अंतर मिळाले. गावातल्या व्हाळाला एक मीटरही नाही. शिवाय २ कोटी टन म्हटले तरी अडीच-तीनच्या हिशेबाने ५-६ कोटी टन माती दर वर्षी कुठेतरी जाणारच.

खाणी बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात गंजत पडले, बार्जी नांगरल्या, गॅरेजवाले आणि खानावळवाले बसले. त्या माणसांचे हाल खोटे नव्हते, आणि खाण नको म्हणणाऱ्याने त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. परंतु त्यांच्यातल्याही कित्येकांच्या बापजाद्यांचे कुळागर याच व्हाळावर होते, ते सुकले म्हणून तर घरातला मुलगा ट्रकावर चढला. केपे तालुक्यातल्या कावरे गावी वेळीप समाजाच्या लोकांनी आपला पूज्य डोंगर आणि त्यावरचे झरे वाचवण्यासाठी खाणीपुढे उभे राहणे पत्करले, ते काही पर्यावरणाचे पुस्तक वाचून नव्हे. पाणी कुठून येते हे त्यांना दिसत होते, एवढेच.

बंदीच्या काळात डंपांवर हिरवळ आली असे सांगतात. आली, पण बरीचशी ऑस्ट्रेलियन अकेशियाची. लांबून पाहता रान, जवळ जावे तर खाली गवताची काडी नाही. त्याला काठचे रान म्हणणे म्हणजे कागदाच्या फुलांना बाग म्हणणे. खंदक पाण्याने भरून निळेहिरवे तलाव झाले, ते दिसायला सुरेख. पण तलावाने झऱ्याचे काम होत नाही.

डिसेंबर २०२२ पासून खाणींचे लिलाव सुरू झाले, आणि २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा चालू झाले. या पट्ट्यात मुळगाव, लामगाव, मये अशा गावांची वस्तीच हद्दीच्या आत आली. मुळगावकरांनी मागणी केली की आमची घरे, देवळे, तळी आणि शेते लीजमधून वगळा. ही मागणी रास्त आहे, आणि तिच्यात व्हाळही हवेत: उगमासकट, दोन्ही काठांच्या पट्ट्यासकट, आणि “परवानगी असल्यास” हे शब्द वगळून. तीस मीटरांचा पट्टा लीजच्या नकाशावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड उमटतो. एवढ्याने कोणाचा धंदा बुडेल असे वाटत नाही. आणि एखाद्या खाणीचा बुडत असेल तर ती खाण व्हाळातच आहे असे समजावे.

मागणीला पुरावा लागतो, आणि इथे गावाने स्वतः करण्याजोगे एक काम आहे. व्हाळ आटला अशी तक्रार गेली की, तो पूर्वीपासूनच आटत असे, असे उत्तर येते. आणि गावाजवळ दाखवायला काही नसते. त्यासाठी यंत्र नको. दहा लिटरची बादली, एक घड्याळ आणि एक वही पुरे. झऱ्याची सगळी धार बादलीत घ्यावी आणि बादली किती सेकंदांत भरते ते पाहावे. वीस सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. दर अमावास्येला, त्याच जागी, दोन साक्षीदारांदेखत ही नोंद करावी. शेजारच्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे तेही लिहावे. आषाढात पाण्याचा एक बाटलीभर नमुना उभा ठेवून तळाशी किती बोटे गाळ बसतो ते मोजावे. शाळेतल्या पोरांना हे काम द्यावे, ती हौसेने करतात आणि मास्तरांपेक्षा काटेकोर करतात. वर्षाअखेरीस वहीतली पाने ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडावीत. दिवाळी होऊन गेली की धार हळूहळू बारीक होऊ लागते. वही आजच घ्यावी, म्हणजे वैशाखापर्यंत सहासात नोंदी हाती येतील.